काढू नये

सित्र्यात दुपारी तीनला समुद्रावरून वारा येतो.
वारा कसला, खारट वाफ.
शेडमध्ये सात प्रेस एका ओळीत,
आणि त्यातला चार नंबर
सकाळपासून खोटं बोलतोय.

टर्मिनलने तार धरली आहे असं दिसतं.
सुनकेसरी थारूने दोन बोटांनी नुसतं ओढलं
आणि तार निघून आली,
उकडलेल्या शेंगेतून दाणा यावा तशी.
पकडत नाही, ती हिंदीत म्हणाली.
ती तिची भाषा नाही. माझीही नाही.

आधी तार बघायची.
साल पाच मिलिमीटर सोललंय, बरोबर.
तांब्याचे केस मोजले, एकोणीस. एकही कापलेला नाही,
म्हणजे ब्लेड निर्दोष.
मग टर्मिनल. तेच रीळ, तोच लॉट, काळं पडलेलं नाही.
वाकून येतंय का? नाही.
मागच्या तोंडाला घंटेसारखा जरासा पसारा हवा,
तोही आहे.
हवेचा दाब सहा. कॉम्प्रेसरचं पाणी काढलं,
पेलाभर निघालं,
पण दोष पाण्यात नव्हता.

मग उंची.
मायक्रोमीटरच्या टोकांत धरली:
एक पॉइंट सदतीस.
हवी एक पॉइंट अठ्ठावीस.
नऊ शतांश मिलिमीटर.
एवढ्याशा फटीतून एखाद्याचा एसी
ऑगस्टमध्ये बंद पडतो.

जास्त दाबलं तर केस तुटतात,
कमी दाबलं तर सुटतात.
यावरून कुणी संसाराबद्दल बोलायला लागलं
की मी चहाला जातो.

डायल फिरवायला गेलो,
तर डायल आधीच शेवटच्या खाचेवर.
त्याच्यापुढे खाच नाही.
कुणीतरी माझ्याआधी इथवर येऊन
थांबला होता. मग त्याने काय केलं?

आणि मग आठवलं. घाम फुटला, एसी चालू असताना.
काल साफसफाईत ऐरणीखाली एक पत्रा सापडला होता,
थंडपेयाच्या डब्याचा, कात्रीने कापलेला,
हिरवा, वर अर्धं अरबी अक्षर.
कचरा समजून मीच टाकला.

भंगाराच्या पिंपात चुंबक फिरवला.
पत्रा ॲल्युमिनियमचा, चुंबकाला काय लागणार!
मग कोपरापर्यंत हात घातला.
सुनकेसरीने तिचं मोबाइलचं तोंड पिंपाकडे धरलं,
उजेडासाठी.
टर्मिनलच्या कापलेल्या शेपट्या, तारेची सालं,
कुणाच्या तरी खजुराची बी,
आणि तळाशी तो.
उलटा केला.
आतल्या चंदेरी बाजूवर खिळ्याने कोरलेलं, देवनागरीत:

काढू नये. धुरी.

चंद्रहास धुरी. माझ्याआधीचा.
त्याचा व्हिसा संपला आणि माझा लागला,
यात दोघांचाही दोष नाही,
तरी मी त्याला कधी फोन केला नव्हता.

पत्रा पुसला, बसवला, बोल्ट कसले.
एक पॉइंट अठ्ठावीस.
सुनकेसरीने ओढलं, मी ओढलं,
मग खेचण्याच्या यंत्रात लावलं.
तार तुटली. टर्मिनलने सोडली नाही.

कागदावर लिहिलं, ऐरण झिजलीय, नवी मागवा.
सुपरवायझर बेबीचनने सही केली.
नवी यायला सहा आठवडे.

मग फोन लावला. कुडाळात साडेपाच वाजलेले,
मागे पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता.
नाव सांगितलं, पत्र्याचं सांगितलं.
तो हसला नाही, रागावलाही नाही.
म्हणाला, "चार नंबर काय? फोन तेच्याकडे धर बघया."

धरला.
सुनकेसरीने पेडल दाबलं.
दहा टर्मिनल. वीस.
तिकडे त्याने गिरणी बंद केली असावी,
कारण एकाएकी पलीकडे काहीच ऐकू येईना,
फक्त आमचाच खट् खट् त्याच्या कानात.

"फीड उशिरा येता हा," तो म्हणाला.
"डावो स्क्रू. पाव फेरो."

मी पाना घेतला.
स्क्रू खरोखरच ढिला होता.